गुणवंत टिपणिसांचं झाकलेलं दुखणं

गुणवंत टिपणीस जपानमध्ये फुनाबोरीला आले ते नातीला सांभाळायला. सरकारदरबारी नोंदलेलं कारणही तेच होतं. त्यांच्या मुलाचा, अंबरीषचा, व्हिसा ज्या प्रकारचा होता त्यात घरात सात वर्षांखालचं मूल असेल तर आईवडिलांपैकी कुणाला तरी मदतीला आणून ठेवायची मुभा होती. मूल सात वर्षांचं झालं की मुभा संपली. नेत्रा तेव्हा चार वर्षं आठ महिन्यांची होती. म्हणजे हाताशी दोन वर्षं चार महिने. गुणवंतरावांनी विमानातच ते बोटांवर मोजून ठेवलं होतं.

स्नेहलताबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. एका दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्यानंतर चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत गुणवंतराव एकटे राहिले. स्वतःपुरता भात टाकायचा, दूरदर्शनच्या बातम्या लावायच्या आणि त्या न ऐकता बसून राहायचं, असा दिवस जायचा. अंबरीषनं बोलावलं तेव्हा त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

माणूस शिस्तीचा. गिअरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तपासनीस म्हणून काढली होती. एकेक दाता मायक्रोमीटरनं मोजायचा, केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा. घरातही नजर तीच. दोन वेळा आंघोळ, रुमालाची चौकोनी घडी, शनिवारी नखं. स्वच्छ माणसाला रोग होत नाही, असं ते म्हणत, आणि ते त्यांना मनापासून खरं वाटे. काही रोग तर फक्त घाणेरड्या नाहीतर बाहेरख्याली माणसांनाच होतात, हेही त्यांना तितकंच पक्कं ठाऊक होतं. ते मात्र ते बोलून दाखवत नसत.

पहिले नऊ महिने फार छान गेले. सून चारुता एका मालवाहतूक कंपनीत होती. तिचं जपानी उत्तम, त्यामुळे घरातले सगळे कागद, फोन, कचऱ्याचे वार तिच्याकडे. अंबरीषचं ऑफिसचं काम इंग्रजीत चाले, त्याचं जपानी दुकानापुरतं. सकाळी दोघं स्टेशनकडे गेले की गुणवंतराव नेत्राला पिवळी टोपी घालून होइकुएनला, म्हणजे तिच्या पाळणाघरात, सोडत आणि संध्याकाळी पाचला आणायला जात. येताना शिनकावा नदीच्या काठी एका बाकावर थांबायचं हा दोघांचा नियम होता. बाकावर नेत्रा कधी बसायची नाही, ती आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, मांडीवर बसायची. पाठ त्यांच्या छातीला टेकवून, पाय हलवत, ती पाण्यातली बदकं मराठीत मोजायची. एकोणीसनंतर अडायची. आबा "वीस" म्हणायचे, मग ती पुन्हा एकपासून सुरू करायची. घरी आईबाबांशी निम्मं जपानी बोलणारी पोर आबांशी मात्र मराठीच बोले, कारण आबांना दुसरं काही येतच नव्हतं. चारुता एकदा अंबरीषला म्हणाली होती, "बाबा आले आणि हिचं मराठी सुटलं बघ."

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गुणवंतरावांची दाढ सुजली. दाताच्या डॉक्टरांनी आठवडाभर अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. दाढ बरी झाली. जून लागला, हवा दमट झाली, कपडे दोन-दोन दिवस वाळेनात, आणि एका सकाळी त्यांना नको त्या जागी खाज सुटली.

आधी त्यांनी घामावर ढकललं. चार दिवसांनी बाथरूमचं दार लावून, चष्मा लावून पाहिलं. लघवीच्या जागेचं टोक लाल झालं होतं, त्यावर बारीक पुरळ होतं आणि कातडीखाली दह्याच्या साईसारखं काहीतरी पांढरं साचलं होतं. ते त्यांनी धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. लघवी करताना आग व्हायला लागली.

अडुसष्ट वर्षांचा विधुर माणूस. बायको गेल्यापासून आणि तिच्याही आधी कित्येक वर्षं ज्यानं कुणाला स्पर्श केला नव्हता, त्याला हे झालं कुठून? कुणाला सांगितलं तर कोण काय समजेल? मुलाला सांगायचं? त्याला जपानी डॉक्टरपुढे बोलता येणार नाही. म्हणजे सुनेला सांगायचं. तो विचार मनात येताच गुणवंतरावांचे कान तापले.

सुटकेसमध्ये चिंचवडच्या औषधाच्या दुकानातून आणलेली गजकर्णाची एक ट्यूब होती, तीन औषधं एकत्र केलेली. ती त्यांनी लावली. तीन दिवसांत लाली गेली. त्यांना हायसं वाटलं. ट्यूब थांबवली आणि आठवड्यात सगळं दुप्पट होऊन परत आलं. मग जंतुनाशकाचं पाणी. रोज दोनदा, मग चारदा. कातडीला चिरा पडल्या. चिरा झोंबायला लागल्या की आणखी धुवायचं, हा त्यांचा उपाय होता. चुकलेला माल आणखी घासला की मापात येईल, तसं काहीसं.

पण त्यांना खरी भीती होती ती नेत्राची. हे लागट असेल तर? पोर मांडीवर बसते. त्याच संडासात जाते. जपानी रिवाजाप्रमाणे टबात एकदा भरलेल्या पाण्यात घरातली माणसं एकामागून एक बसत, त्याच पाण्यात तीही खेळते.

एका संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर नेत्रा सवयीनं मांडीवर चढायला गेली. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून बाजूला बसवलं.

"इथं बस. आबांचे पाय दुखतात."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पुन्हा बाजूला. तिसऱ्या दिवशी ती मागून येऊन गळ्यात पडली आणि सरकत मांडीवर आली, तेव्हा ते दचकून उठून उभेच राहिले. ती खाली पडली. फार लागलं नाही, गुडघा थोडा खरचटला. ती रडली नाही. घरी येईपर्यंत गप्प चालली. त्यानंतर तिनं मांडीवर बसायला मागितलं नाही, आणि काही दिवसांनी ती बाकाशी थांबेनाशीही झाली. पुढे पळत जायची, वाटेत होइकुएनच्या मैत्रिणी भेटल्या की त्यांच्याशी भराभरा जपानीत बोलायची. बदकं मोजणं थांबलं.

गुणवंतरावांनी टबात उतरणं सोडलं. स्वतःचा टॉवेल, पंचा, आतले कपडे ते वेगळे धुवायला लागले आणि गॅलरीत न घालता आपल्या खोलीत दोरीवर वाळवायला लागले. घरातल्या संडासात जाणं त्यांनी शक्य तितकं टाळलं. दिवसातून पाच-सहा वेळा ते जिना उतरून कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, जात. तिथं काम करणाऱ्या पोरी त्यांना ओळखायला लागल्या.

चारुताच्या हे लक्षात आलं नसतं तरच नवल. एका रविवारी तिनं विचारलं, "बाबा, आपल्या टॉयलेटमध्ये काही गैरसोय आहे का? तुम्ही बाहेर जाता."

"फिरणं होतं," ते म्हणाले.

"कपडे मशीनमध्ये टाका ना. मी वेगळे लावते हवं तर."

"नको. माझं मी करतो."

चारुता मशीन लावायला निघून गेली. तिच्या माहेरी मटण-मासे चालत, टिपणिसांकडे स्नेहलताबाईंनी घरात अंडंही शिजवलं नव्हतं. लग्नाच्या वेळी यावरून थोडं बोलणं झालं होतं. ते मिटलं असं सगळ्यांनी धरलं होतं. आता चारुताला वाटलं, मिटलं नव्हतंच. ह्या माणसाला माझ्या भांड्यांचा, माझ्या मशीनचा, माझ्या घराचा विटाळ होतोय. तिनं अंबरीषला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आईची आठवण येत असेल गं. एकटे पडलेत." एका संध्याकाळी त्यानं वडिलांना विचारलंही, "बाबा, काही होतंय का तुम्हाला?"

"मला काय होणार?" गुणवंतराव म्हणाले, आणि विषय संपला.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एदोगावा वॉर्डाकडून मोफत आरोग्यतपासणीचं पाकीट आलं. चारुतानं फॉर्म भरून दिला. त्यात लघवीची तपासणी आहे असं कळल्यावर गुणवंतरावांनी ते पाकीट आपल्या कपड्यांच्या खणात तळाशी ठेवलं. त्या वेळी ते तपासून घेतलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. कारण एव्हाना त्यांना सारखी तहान लागत होती, वारंवार लघवीला जावं लागत होतं, पॅन्टच्या पट्ट्याला त्यांनी दोन नवी भोकं पाडली होती. अंबरीष कौतुकानं म्हणाला, "चालणं मानवलं तुम्हाला. बारीक झालात." त्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं.

फेब्रुवारीतला एक गुरुवार. नेत्राला सहा पूर्ण होऊन महिना झाला होता. अंबरीष कामासाठी ओसाकाला गेलेला. गुणवंतराव पावणेपाचला घरातून निघाले. वाटेत नेहमीप्रमाणे बागेतल्या स्वच्छतागृहात शिरले आणि त्यांना लघवी होईना. सकाळपासून सूज होती. आता कातडी फुगून टोकावर इतकी आवळली होती की थेंब बाहेर पडत नव्हता. पोट तटतटून आलं. पाचला वॉर्डाच्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारी धून वाजली, ती त्यांनी आतून ऐकली. बाहेर येऊन चार पावलं चालले, पुन्हा आत गेले. असं सव्वा तास चाललं. थंडीत त्यांच्या अंगाला घाम सुटला होता.

ते होइकुएनच्या दाराशी पोचले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बाकी मुलं गेली होती. शिक्षिकेनं चारुताला फोन केला होता आणि ती ऑफिसमधून धावत आली होती. नेत्रा कोट घालून, टोपी घालून, पाठीवर पिशवी लावून पायरीवर बसली होती. आजोबा दिसल्यावर ती जागेवरून उठली नाही.

चारुता रागावलेली होती. पण त्यांचा चेहरा पाहून तिनं आधी सगळ्यांना घराकडे वळवलं. घर तिथून पाच मिनिटांवर. घरी येताच गुणवंतराव आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. चारुता दाराशी येऊन उभी राहिली.

"बाबा, मी आत येत नाही. तुम्ही दाराआडून सांगा. काय होतंय?"

तिनं दारावर हलकेच टकटक केली.

"बाबा, अंबरीष नाहीये इथं. मीच आहे. मला सांगावं लागेल."

"लघवी होत नाहीये," आतून आवाज आला. आणि मग, कारखान्यात दोष नोंदवावा तशा सुरात, "जागा सुजली आहे. आठ महिने झाले."

चारुतानं एकही प्रश्न विचारला नाही. तिनं स्टेशनजवळच्या मूत्ररोगाच्या दवाखान्यात फोन लावला. ते सातपर्यंत उघडे होते. तिनं टॅक्सी बोलावली, नेत्राच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं, आणि तिघं निघाली.

डॉक्टर कुवाबारा साठीपुढचे, बुटके, संथ बोलणारे गृहस्थ होते. तपासायच्या खाटेभोवती फिकट हिरवा पडदा होता. चारुतानं आपली खुर्ची पडद्याबाहेर भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि ती तिथं बसली. डॉक्टर आतून बोलायचे, ती भिंतीकडे पाहत मराठीत सांगायची, गुणवंतराव छताकडे पाहत उत्तर द्यायचे, ती ते जपानीत सांगायची. पडशाबद्दल बोलावं तितक्याच साध्या आवाजात ती बोलत होती. तो आवाज तिनं कसा धरून ठेवला हे गुणवंतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आधी डॉक्टरांनी बधिर करायचं जेल लावून बारीक नळी घातली आणि मूत्राशय रिकामं केलं. गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नुसत्या सुटकेचं होतं. मग डॉक्टरांनी कापसाच्या काडीनं पांढरा थर घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र संगणकाच्या पडद्यावर दाखवलं. गोल गोल ठिपके, काहींना अंकुर फुटल्यासारखे, आणि मधूनमधून लांब धागे. लघवी तपासली, बोटाला टोचून रक्त तपासलं. साखर तीनशे चाळीस निघाली.

"ते म्हणतात," चारुता भिंतीकडे बघत सांगायला लागली, "ही कॅन्डिडा नावाची बुरशी आहे. यीस्टच, पावात असतं त्या जातीचं. ती पुष्कळ माणसांच्या अंगावर, तोंडात, आतड्यात असतेच. एरवी काही करत नाही. तुम्ही दाढेसाठी गोळ्या घेतल्या, त्यांनी तिला आवर घालणारे जंतू मेले. आणि तुम्हाला डायबिटीस आहे, बहुतेक बऱ्याच दिवसांचा. लघवीतून साखर जाते, ओलावा राहतो, तिला आयतं खायला मिळतं."

"घाणीमुळे नाही?"

तिनं विचारलं. डॉक्टर काहीतरी बोलले.

"नाही म्हणतात. उलट तुम्ही फार धुतलंत. जंतुनाशकानं कातडी फाटली. आणि त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असणार. त्यानं लाली दबते, पण बुरशी वाढत राहते. साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, साबणही नको, नीट कोरडं करायचं. सूज आता हातानं दाबून थोडी उतरवली आहे. पुन्हा लघवी अडली तर लगेच यायचं. मलम दिवसातून दोनदा, दोन आठवडे. मधे बरं वाटलं तरी थांबायचं नाही. साखरेसाठी उद्याच दुसऱ्या डॉक्टरांकडे. कातडी आवळलेली राहिली तर छोटं ऑपरेशन, पण ते नंतर बघू."

मग डॉक्टरांनी काही विचारलं. "ते विचारतात, पत्नी आहेत का? दोघांनाही त्रास असेल तर दोघांनीही औषध घ्यावं लागतं. नाहीतर काही वेळा एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं."

पडद्याआड खाट करकरली.

"बाबा?"

"वारली म्हणून सांग."

तिनं सांगितलं. डॉक्टर हलकेच काही पुटपुटले, ते तिनं भाषांतर केलं नाही.

"माझा एक प्रश्न आहे," गुणवंतराव म्हणाले. "घरात लहान मूल आहे. ते मांडीवर बसलं तर त्याला हे लागतं का? संडासातून, टबातल्या पाण्यातून?"

चारुता जपानीत बोलायला लागली आणि वाक्याच्या मध्येच अडखळली. आठ महिने तिच्या डोळ्यांपुढून गेले. कोनबिनीकडे उतरणारी पावलं, खोलीतली दोरी, कोरडा टब, नेत्राचा खरचटलेला गुडघा. तिनं खाली मान घातली. डॉक्टर पडद्याबाहेर डोकावून तिच्याकडे पाहत राहिले. मग तिनं वाक्य पुरं केलं.

उत्तर एका शब्दाचं होतं.

"नाही," चारुतानं सांगितलं. "लागत नाही, बाबा."

परतताना टॅक्सीत गुणवंतराव मलमाची पिशवी हातात धरून बसले. नेत्रा आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

खाज आठवड्यात गेली. दोन आठवड्यांत लाली गेली, साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, ऑपरेशनची गरज पडली नाही. अंबरीषला चारुतानं जेवढं सांगायला हवं तेवढं सांगितलं. तो ओशाळला, वडिलांसाठी साखर मोजायचं यंत्र घेऊन आला आणि त्यावरच्या सूचना त्यानं त्यांना दोनदा समजावून सांगितल्या.

दुखणं बरं झालं, पण गुणवंतराव आणखीच गप्प झाले. मार्चमधल्या एका दुपारी अंबरीष नेत्राला घेऊन तिच्या शाळेचं दप्तर आणायला गेला होता. चारुता कपड्यांच्या घड्या घालत होती. गुणवंतराव येऊन समोर बसले आणि काही प्रस्तावना न करता बोलायला लागले.

"अंबरीष सहावीत होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या आईला हे असं व्हायचं. खाज, आग, पांढरं जाणं. चिंचवडला एक बाई डॉक्टर होत्या. त्यांच्या औषधानं बरं व्हायचं, महिन्या-दोन महिन्यांत परत यायचं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. ती मला येऊन सांगायची. मी गेलो नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्यासाठी मलम दिलं तिच्याकडे."

चारुताचे हात थांबले.

"मला तेव्हा लालसर होतं. थोडंसं. मला माहीत होतं ते. पण मी ते मलम खिडकीतून फेकलं. तिला म्हणालो, असलं घाणेरडं दुखणं आपल्या घरात आलं कुठून? कुठे जातेस तू?"

"आई काय म्हणाल्या?"

"काही नाही. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. डॉक्टरांकडेही गेली नसावी. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात चटई टाकून झोपायला लागली. मला वाटलं, वय झालं, बायकांचं असंच असतं. चारचौघांत आम्ही सुखी दिसायचो. सगळे तसं म्हणायचे. सव्वीस वर्षं ती चटईवर झोपली."

चारुतानं नेत्राचा फ्रॉक उचलला. त्यांना वाटलं, ती आता म्हणेल, जाऊ द्या बाबा, तेव्हा कुणाला काय कळत होतं. तिनं तसं म्हटलं नाही.

"मग त्यांना त्रास व्हायचा तेव्हा त्या काय करायच्या?"

"माहीत नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"नाही."

तिनं फ्रॉकची घडी घातली. "आठ महिने मला वाटत होतं, तुम्हाला माझ्या घराची किळस येते."

"मला माझीच येत होती गं."

"हो. पण मला ते कसं कळणार होतं?" तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "आईंनाही कसं कळणार होतं?"

ती घड्या घेऊन आत गेली. थोड्या वेळानं तिनं चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला, बिनसाखरेचा, आणि तिथंच बसून आपलाही प्यायली. त्या दिवसापासून सासरा-सुनेत एक वेगळंच मोकळेपण आलं. ते क्षमेचं नव्हतं. एकमेकांचं वाईट माहीत असलेल्या दोन माणसांचं होतं.

नेत्राचं मात्र तसं झालं नाही. एप्रिलमध्ये ती शाळेत जायला लागली. एका संध्याकाळी गुणवंतरावांनी सोफ्यावर बसून मांडीवर हात थोपटला आणि म्हणाले, "ये, बस इथं. आबांचे पाय बरे झाले."

ती दप्तरात काहीतरी शोधत होती. तिनं वर पाहिलं, आईकडे पाहिलं आणि जपानीत म्हणाली, "मोऊ ओनेसान दाकारा."

मी आता ताई झालेय ना. एवढं जपानी एव्हाना त्यांना कळत होतं. ते "बरं" म्हणाले. ती येऊन त्यांच्या शेजारी बसली, अगदी शहाण्यासारखी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, कारण आबांना वाईट वाटू नये हेही तिला कळत होतं. ते गोष्ट सांगायला लागले. ती ऐकत होती. मध्ये काही विचारलं तर जपानीत विचारायची, आणि त्यांना कळलं नाही असं दिसलं की "नान्देमो नाई", काही नाही, असं म्हणून सोडून द्यायची. शाळेनंतर ती थेट मुलांच्या क्लबात जाई, तिथून एकटी चालत घरी येई. आणायला जायचं काम उरलं नव्हतं. गुणवंतराव पाचची धून वाजली की गॅलरीत उभे राहत आणि पिवळं कव्हर लावलेलं दप्तर कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबत.

हाताशी जे महिने उरले होते ते असे गेले. जानेवारीत नेत्राला सात पूर्ण झाली.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी अंबरीष त्यांना आराकावा नदीच्या बांधावर फिरायला घेऊन गेला. वारा थंड होता, पलीकडून गाड्यांचा एकसुरी आवाज येत होता. गुणवंतरावांनी काय बोलायचं ते आठवडाभर मनात जुळवून ठेवलं होतं.

"तू साखर तपासून घे," ते म्हणाले. "आता चाळिशी उलटली तुझी. वडिलांना आहे म्हटल्यावर तुलाही होऊ शकते."

"घेतो."

"आणि आणखी एक. चारुताला कधी काही झालं, असलं-तसलं, बायकांचं, आणि डॉक्टरांनी तुला बोलावलं, तर जा. विचार न करता जा."

अंबरीषनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. वडील आयुष्यात असं काही बोलले नव्हते. "हो बाबा," तो म्हणाला.

आता आईचं सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच तर ते बांधावर आले होते. सव्वीस वर्षांच्या त्या चटईवर या मुलानं लहानपणी कितीदा आईच्या कुशीत दुपारची झोप काढली असेल. आई इथं का झोपते, असं त्यानं विचारलंही होतं एकदा, आणि तिनं सांगितलं होतं, इथं गार वाटतं. गुणवंतरावांनी तोंड उघडलं. समोरून एक म्हातारा जपानी माणूस कुत्र्याला घेऊन येत होता, तो मान लववून गेला. दोघांनीही मान लववली.

"सुटकेस किती झाली?" अंबरीषनं विचारलं.

"बावीस किलो."

"तेवीसच्या वर जाऊ देऊ नका. एअरपोर्टवर उघडायला लावतात."

"नाही जाऊ देत," गुणवंतराव म्हणाले, आणि दोघं घराकडे वळले.